देवीचा रोग कसा गेला

मुलांनो, आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक मंडळींच्या हातावर किंवा दंडावर एखादा गोल, किंचित खोलगट वण दिसतो. तो देवी काढल्याचा वण होय. (तुमच्या दंडावर वण असेल, तर तो बहुधा क्षयाच्या लशीचा आहे.) ज्या रोगासाठी तो वण सोसावा लागला, तो रोग आता पृथ्वीवर कोठेही उरलेला नाही.

देवीची लागण झाल्यावर सुमारे बारा दिवस काहीच कळत नसे. मग एकाएकी सडकून ताप भरे, अंग मोडून येई आणि तोंडावर व हातापायांवर पुरळ उठे. पुरळाचे पुवाने भरलेले टणक फोड बनत. शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत. जे वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर खोल वण राहत. कित्येकांची दृष्टीही जाई.

हा देवीचा कोप आहे, अशी लोकांची समजूत होती. म्हणूनच रोगाला हे नाव पडले. घरात देवी आल्या की रोग्याभोवती लिंबाचा पाला ठेवीत व शीतलादेवीची आराधना करीत. त्या लोकांना अडाणी म्हणून हसणे मला योग्य वाटत नाही. रोग बरा करणारे औषध वैद्यांपाशी नव्हते, तसे डॉक्टरांपाशीही नव्हते. रोग्याला वेगळे ठेवावे, पाणी पाजावे, अंग व डोळे स्वच्छ राखावेत, एवढाच उपचार होता. देवीवरील औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१८ साली. तोवर रोगीच उरले नव्हते!

मग रोग हटला कसा? इंग्लंडमधील गवळणींना गायींच्या सडांवरील फोडांची लागण होई. पण त्यांना देवी येत नाहीत, असे तेथील लोक म्हणत. एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने १७९६ साली अशा फोडातील लस आठ वर्षांच्या एका मुलाला टोचून हे पडताळून पाहिले. ही लस उष्णतेने लवकर निकामी होई. तरीही ती बगदाद, बसरा अशी मजल करीत मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या हातावर आलेल्या फोडातील लस दुसऱ्या मुलांना, त्यांच्याकडून आणखी मुलांना, अशी हातोहात ती पुणे, सुरत, हैदराबादपर्यंत गेली. त्या काळी बर्फपेटी नव्हती; मुलांचे दंड हीच लशीची कुपी होती. पुढे वासरांपासून लस काढू लागले. बेळगावच्या संस्थेत ती तयार होत असे.

गावोगाव देवी डॉक्टर फिरू लागले. त्यांना पाहून पोरे माळ्यावर लपत आणि कित्येक आयाही दार लावून घेत. शिवाय एकट्या गावाने टोचून घेऊन भागत नव्हते. सांगली जिल्ह्यातील विट्याचेच पाहा. सोन्याचांदीच्या गलाईसाठी विटा परिसरातील कुटुंबे देशभर पसरली आहेत. माणसे जेथे जातात तेथे रोगही जातो. म्हणून तो सगळीकडूनच घालवणे भाग होते.

भारतात १९६२ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली; तरी १९७४ साली देशात सुमारे १,८८,००० लोकांना देवी आल्या. तेव्हा कार्यकर्त्यांनी सर्वांना टोचण्याबरोबरच रोगी शोधण्यावर भर दिला. देवीच्या रोग्याचे चित्र हाती घेऊन ते घरोघर फिरले. रोगी आढळला, की त्याला वेगळे ठेवावयाचे आणि भोवतालच्या प्रत्येकाला तत्काळ टोचावयाचे. वणव्यापुढचे गवत कापून मोकळा पट्टा करतात, तसाच हा प्रकार. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे देशातील शेवटचा रोगी सापडला.

जगात नैसर्गिक रीतीने लागण झालेला शेवटचा रोगी होता सोमालियातील अली माओ मालिन, एका रुग्णालयातील स्वयंपाकी. दुखेल या भीतीने त्याने टोचून घेणे टाळले होते. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याला देवी आल्या. सुदैवाने तो बरा झाला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. मालिन पुढे पोलिओच्या मोहिमेत काम करू लागला, आणि लस घेण्यास कचरणाऱ्या आईबापांना तो आपलीच हकीकत सांगत असे.