विश्लेषण : उतरत्या छपराचा भार भिंती कशा पेलतात?

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात उतरत्या छपरांची घरे रचली. प्रत्येक घर पुढे वाढवता यावे म्हणून त्याच्या भिंती शेजाऱ्यापासून स्वतंत्र ठेवल्या. अशा घरात फेरबदल करताना छपराचा भार नेमका कुठे जातो, हे माहीत असणे गरजेचे ठरते.

भार कसा उतरतो?

कौलांचे वजन रिपांवर, रिपांचे वाशांवर आणि वाशांचे भिंतीच्या माथ्यावर येते. मात्र आढ्यापाशी एकमेकांना टेकलेले दोन वासे भिंतींना केवळ खाली दाबत नाहीत, बाहेरही ढकलतात. छपराचा एकूण भार १,००० किलो असेल, तर प्रत्येक भिंतीवर ५०० किलो उभा भार येतो. उतार ३० अंशांचा असल्यास बाहेरचा रेटा सुमारे ४३० किलो, ४५ अंशांचा असल्यास २५० किलो. म्हणजे उतार जितका कमी, तितका रेटा अधिक.

रेटा कोण अडवते?

दोन्ही वाशांचे पाय बांधणारी आडवी तुळई. रेटा तिच्यावरच ताण म्हणून येतो आणि भिंतीवर फक्त उभा भार उरतो. आढे स्वतः खांबांवर किंवा त्रिकोणी भिंतींवर भक्कम टेकलेले असले, तरी रेटा जवळपास उरत नाही.

धोका कधी?

पोटमाळ्यासाठी ही तुळई कापली, की भिंत बाहेर झुकू लागते. भिंतीच्या माथ्याजवळ आडवी भेग आणि मधोमध खचलेले आढे ही त्याची लक्षणे. त्यामुळे तुळईला हात लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून घेणे आवश्यक आहे.