मंडईच्या फडावर सिकलसेलची गोष्ट

दिवाळी सरली, भाऊबीजेची ओवाळणी पडली, की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. लेकीबाळी येतात, पाहुण्यांनी घर भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. त्या गर्दीत आणखी एक काम चालते, ते तुम्ही जाणताच. कोणाची पोर उपवर झाली, कोणाचा मुलगा कामाला लागला, याची चाचपणी तिथेच होते. सोयरिकीचा पहिला शब्द पुष्कळदा मंडईतच निघतो.

म्हणूनच रक्ताच्या एका आजाराची गोष्ट सांगायला मंडईच्या फडासारखी दुसरी जागा नाही. तो आजार म्हणजे सिकलसेल. 'सिकल' म्हणजे आपला विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, अंगात रक्त टिकत नाही. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मोडते. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणे यांनी दुखणे उसळते. रोवणीच्या पावसात पाय दुखतात म्हणून बांधीतून उठून जाणाऱ्या पोरीला आपण कामचुकार म्हणून मोकळे होतो!

नागपूरच्या डॉक्टरांनी या भागातला सिकलसेल १९५८ सालीच नोंदवला होता. तो एकाच जातीचा रोग नव्हे. आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर समाजांतही आहे. तरीही घरात कोणाला असला तर तो झाकला जातो, कारण पोरीचे लग्न अडेल ही भीती. आणि झाकल्यामुळेच तो पुढच्या पिढीत जातो.

तो कसा जातो, हे भाषणाने कळत नाही, फडावर दोन मिनिटांत कळते. दोन ताटल्या घ्या. प्रत्येकीत एक तांदळाचा आणि एक जवसाचा दाणा ठेवा. एक ताटली आईची, एक बापाची. दोघेही धडधाकट, पण दोघांतही एकेक जवस लपलेला. अशांना वाहक म्हणतात, ते आजारी नसतात. आता सोंगाड्याने डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलावा. दोन्ही जवस आले तर मूल आजारी. ही शक्यता चारात एक. वाहक निघण्याची चारात दोन, अगदी मोकळे सुटण्याची चारात एक. सोंगाड्याने मग विचारावे, "पहिलं पोर आजारी निघालं, म्हणजे पुढची तिघं सुटली ना?" नाही सुटली! प्रत्येक खेपेला दाणे नव्याने उचलायचे असतात. हे गणित शिकलेल्यांचेही चुकते.

लोकांना प्रश्न विचारत बोलण्याची ही रीत आपलीच आहे. गाडगेबाबा आधी हाती खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. अलीकडे २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग करता करता त्यांनी रंगभूमीवरून लोकजागृतीही केली.

आरोग्य खात्याची कलापथकेही गावात येतात. चांगले आहे, पण अर्ध्या तासात घोषणा देऊन ती निघून जातात. वडशाची कंपनी बोलावली तर रात्र रंगते, खर्चही होतो. माझे म्हणणे असे, की खरे काम गावच्या तालमीत होते. रोवणी आटोपली की संध्याकाळी समाजमंदिरात दहा-पंधरा जण बसवा. ढोलकी वाजवणारा म्हातारा एकटाच ओसरीवर बसलेला असतो, त्याला आधी बोलवा. एक संध्याकाळ आशाताईंना किंवा आरोग्य सेविकेला द्या. सगळे विचारून घ्या, मग संवाद तुमच्या बोलीत तुम्हीच जुळवा. सासूचे काम बाईलाच द्या. मिशी काढून पदर घेतलेल्या सासूला लोक हसतील, आणि लग्न मोडण्याचा प्रसंग तर हसण्याचा नाही. गावातल्या कोणाचे नाव किंवा ओळखू येईल अशी खूण मात्र घालू नका.

महिनाभर रोज एकत्र बसणे, गाणे, हसणे यानेही जिवाला बरे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांवर अभ्यास पाहून कला आणि आरोग्य यांचा संबंध मांडला. आपल्या दंडारीच्या म्हाताऱ्यांना तो आधीच ठाऊक होता म्हणा!

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी हा तिचा गाभा आहे. बोटातले थेंबभर रक्त पहिल्या तपासणीला पुरते. त्यात काही आढळले तर पक्की तपासणी पुढे होते. दोघेही वाहक निघाले आणि लग्न झालेले असले, तर दिवस राहताच लगेच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते. आजार असलेल्यांसाठी औषधे आहेत, त्यांनी ती सोडू नयेत.

तालीम सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मंडईची तारीख कळवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी ठेवायला सांगा. पाहुणे तोवर गावातच असतात, आणि रात्रीच्या ताटल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतात.