मालगाडीचा इंधनव्यय : लातूरच्या पाणीगाडीचा हिशेब

मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. 11 एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली दहा टाकी-वाघिणींची पहिली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोचली. तिच्यातून सुमारे पाच लक्ष लिटर पाणी आले. पुढे त्याच महिन्यात पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू होऊन एका खेपेस सुमारे पंचवीस लक्ष लिटर पाणी मिळू लागले. मार्गाचे विद्युतीकरण तेव्हा झालेले नसल्याने हे वहन डिझेल एंजिनांनी केले. सुमारे 340 किलोमीटरवरून पाणी वाहून आणणे ही इंधनाची उधळपट्टी होय, असा आक्षेप सहज सुचतो. त्याची शहानिशा करू गेल्यास मालगाडीचा इंधनव्यय कशावर अवलंबून असतो, हेही स्पष्ट होते.

रेल्वेत इंधनव्यय मोजण्याचे परिमाण म्हणजे दर हजार स्थूल टन-किलोमीटरमागे लागणारे डिझेल. ‘स्थूल’ याचा अर्थ मालाचे व वाघिणीचे वजन मिळून. ब्रॉडगेजवरील भरल्या मालगाडीस साधारणतः दोन ते तीन लिटर डिझेल लागते. हा आकडा पदार्थविज्ञानाशी जुळणारा आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. तीपैकी सुमारे 3 युनिट चाकांपर्यंत पोचते. उरलेली मुख्यतः उष्णतेच्या रूपाने वाया जाते. सपाट व सरळ मार्गावर पोलादी रुळांवरून जाणाऱ्या गाडीस दर टनामागे जेमतेम दोन-तीन किलोग्रॅमचा रोध होतो. म्हणूनच इतके अल्प इंधन पुरते.

आता प्रस्तुत गाडीचा हिशेब पाहू. टाकी-वाघिणीचे स्वतःचे वजन सुमारे 27 टन व तीतील पाणी सुमारे 50 टन धरल्यास पन्नास वाघिणींचे स्थूल वजन 3850 टन होते. जाताना 13.09 लक्ष आणि रिकामे परतताना 4.59 लक्ष, असे एकूण 17.68 लक्ष टन-किलोमीटर होतात. हजारी अडीच लिटर या दराने एका खेपेचे डिझेल सुमारे 4400 लिटर येते. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे पावणेदोन लिटरांहून किंचित अधिक डिझेल लागले. दहा हजार लिटरांचा मोटार-टँकर लिटरमागे चार किलोमीटर जातो असे मानल्यास, तेवढ्याच अंतराच्या जाण्यायेण्यात हजार लिटर पाण्यामागे 17 लिटर डिझेल लागेल. अर्थात रेल्वेचा व्यय त्याच्या सुमारे एकदशांश ठरतो. तथापि, यातील चतुर्थांशाहून अधिक इंधन रिकाम्या वाघिणी परत नेण्यातच खर्ची पडते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

ही अंदाजी रक्कम प्रत्यक्षात तीन कारणांनी वाढते. पहिले कारण चढाचे. शंभरात एक एवढ्या चढावर दर टनामागे दहा किलोग्रॅमचा जादा रोध निर्माण होतो. हजार टनांची गाडी शंभर मीटर उंच नेण्यास सुमारे 90 लिटर डिझेल लागते, आणि उतारावर ब्रेक लावावे लागल्यास त्यातील बराचसा भाग वाया जातो. दुसरे कारण थांब्यांचे. ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली 3850 टनांची गाडी थांबवून पुन्हा त्याच वेगास आणण्यास 30 लिटरांहून अधिक डिझेल खर्ची पडते. तिसरे कारण तिष्ठण्याचे. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत एंजिन जागीच चालू ठेवल्यास तासाला सुमारे 20 लिटर डिझेल जळते. तासभर तिष्ठण्याचे असे दहा प्रसंग आले, तर खेपेमागे दोनशे लिटरांची भर पडते. दहा वाघिणींच्या गाडीत तिष्ठण्याचा हा बोजा पाचपट कमी पाण्यावर पडतो. लांब गाडीची काटकसर मुख्यतः येथे आहे.

याचा दुसरा पैलू ऐतिहासिक आहे. ही गाडी ज्या मार्गाने धावली, तो मूळचा एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग. तो 1911 मध्ये लातुरास व 1927 मध्ये मिरजेस पोचला. त्यावर दर आसास पाच टनांची मर्यादा असल्याने चार आसांच्या वाघिणीचे भरलेले वजन 20 टनांपलीकडे जाऊ शकत नसे. कुर्डुवाडी-लातूर भागाचे ब्रॉडगेज रूपांतर 2008 मध्ये व पंढरपूर-मिरज भागाचे त्यानंतर पुरे झाले. ते झाले नसते, तर 77 टनांची वाघीण लातुरास येऊच शकली नसती. नांदेडचा अनुभवही याच स्वरूपाचा आहे. गोदावरी खोऱ्यातील हैदराबाद-मनमाड मार्ग मीटरगेज असल्याने पुढे ब्रॉडगेजने जाणारा माल मनमाडास एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. नांदेडास ब्रॉडगेज आले ते 1990 च्या दशकात.

तात्पर्य, मालवाहतुकीतील इंधनाची बचत केवळ एंजिनाच्या गुणावर अवलंबून नसते. रुळांची रुंदी, आसावरील भार, परतीचा माल व मार्गातील खोळंबा यांवरही ती तितकीच अवलंबून असते. डिझेलच्या जागी वीज आली तरी हा हिशेब बदलत नाही. बदलते ते केवळ परिमाण. लातूरच्या पाण्यात इंधनाची उधळपट्टी झाली नाही. उधळपट्टी शोधावयाची असल्यास शहरास 340 किलोमीटरवरून पाणी आणण्याची पाळी ज्यामुळे आली, त्या जलव्यवस्थेत ती शोधावी लागेल.