‘ईसीएम गेला’ : मोटारीच्या नियंत्रक घटकाचा दोषनिर्णय व पुनःस्थापना

१

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. अशा ठिकाणी एखादी मोटार एके सकाळी सुरू होईनाशी झाली, की तिच्याविषयीचा निर्णय पुष्कळदा दोनच शब्दांत सांगितला जातो : ‘ईसीएम गेला’. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. ‘जाणे’ या क्रियापदाचा ‘निकामी होणे’ हा अर्थ मराठीत चांगलाच रूढ आहे. बल्ब जातो, फ्यूज जातो, त्याचप्रमाणे ईसीएमही जातो. परंतु बल्ब गेला हे डोळ्यांना दिसते, आणि नवा बसविला की प्रश्न मिटतो. ईसीएमच्या बाबतीत या दोहोंपैकी एकही गोष्ट खरी नाही. त्याचा बिघाड दिसत नाही, तो अनुमानाने सिद्ध करावा लागतो. आणि नवा घटक केवळ बसविल्याने मोटार चालू होईलच असे नाही. हजारो रुपयांचा भाग बदलूनही मूळ दोष कायम राहिल्याचा अनुभव मोटारमालकांना येतो, तो या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. यास्तव त्यांचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

२

ईसीएम म्हणजे इंजिनाच्या कार्याचे नियमन करणारा लहानसा संगणक होय. कार्बोरेटरच्या काळात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण यांत्रिक रचनेने ठरत असे, आणि कुशल मिस्त्री ते कानाने ऐकून स्क्रूने जुळवीत असे. १९६७ साली बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही विद्युत्-नियंत्रित इंधनप्रणाली फोक्सवॅगनच्या मोटारीत आली. तिचा नियंत्रक ट्रान्झिस्टरांचा होता. पुढे १९७९ साली त्याच कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय घटकाकडे सोपविले. भारतात प्रदूषणविषयक मानके जसजशी कडक होत गेली तसतसा कार्बोरेटर मागे पडला. भारत स्टेज चार हे मानक १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज सहा हे १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. आज खेड्यातील नव्या मोटारीतही हा संगणक अपरिहार्य आहे.

त्याचे कार्य तीन भागांत सांगता येते. क्रँकची स्थिती, पाण्याचे तापमान, आत येणाऱ्या हवेचा दाब, धुरातील ऑक्सिजन इत्यादींची वार्ता सेन्सरांकडून त्याला मिळते. आपल्या स्मृतीतील कोष्टकांशी तो ती ताडून पाहतो. नंतर इंजेक्टर किती वेळ उघडावा व ठिणगी केव्हा पडावी, याच्या आज्ञा तो देतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वार्ता आणणारी तार तुटली, आज्ञा नेणारी तार तुटली, किंवा स्वतः घटकाला पुरेसा वीजपुरवठा मिळाला नाही, तर या तिन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते : मोटार चालत नाही.

३

स्कॅनर लावला असता दोषसंकेत मिळतो. हा संकेत साक्ष आहे, निकाल नव्हे. ‘पी ०३३५’ हा संकेत क्रँक-सेन्सरच्या मंडलात दोष असल्याचे सांगतो. सेन्सर, तार व कपलर यांपैकी नेमके काय बिघडले हे तो सांगत नाही. ‘यू ०१००’ हा संकेत ईसीएमशी संपर्क तुटल्याचा आहे. जो उत्तर देत नाही तो मेला, असे अनुमान त्यावरून सहज केले जाते. परंतु एक फ्यूज जळला असता किंवा अर्थची तार सैल झाली असता हाच संकेत मिळू शकतो. ‘पी ०६०१’ व ‘पी ०६०६’ हे संकेत मात्र अनुक्रमे घटकाची स्मृती व प्रक्रियक यांकडे बोट दाखवितात. तरीही वीजपुरवठा तपासल्यावाचून ते अंतिम मानू नयेत.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम बॅटरी पाहावी. विश्रांत अवस्थेत तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असावा. मग घटकाच्या कपलरवर पुरवठा व अर्थ पोहोचतो की नाही हे मल्टिमीटरने पाहावे, आणि तेही स्टार्टर फिरत असताना. कारण भार नसताना गंजकी तारही पूर्ण दाब दाखविते. घटकाचा अर्थ व बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक ०.२ व्होल्टच्या आत असला पाहिजे. त्यानंतर सेन्सरांना मिळणारा ५ व्होल्टचा संदर्भदाब मोजावा. तो नाहीसा झाला असेल तर एकेक सेन्सर सोडवून पाहावा. एखादा सोडविताच दाब परत आला, तर दोषी तो सेन्सर किंवा त्याची तार होय, ईसीएम नव्हे. शेवटी घटकांना परस्परांशी जोडणाऱ्या कॅन-वाहिनीच्या दोन तारांमधील रोध, बॅटरी सोडवून, मोजावा. तिच्या दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक असल्यामुळे तो सुमारे ६० ओहम यावा. बहुतेक आधुनिक मोटारींत तो निदान-कपलरच्या ६ व १४ क्रमांकांच्या पिनांवर मोजता येतो.

यांपैकी कोणत्याही परीक्षेस मल्टिमीटरहून महागडे साधन लागत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्थानिक परिस्थितीही विसरता कामा नये. वऱ्हाडातील उन्हाळा, धूळ व तारा कुरतडणारे उंदीर हे वायरिंगचे नित्याचे शत्रू आहेत. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला होता. अशा पुरात सापडलेल्या मोटारीच्या कपलरांतील पिनांवर कालांतराने हिरवा गंज चढतो, आणि बिघाड महिन्यांनंतर प्रकट होऊ शकतो.

ईसीएम खरोखरच निकामी झाला असे ठरले, तरी तो का झाला हा प्रश्न उरतोच. बॅटरीच्या तारा उलट जोडणे, घटक न सोडविता मोटारीवर वेल्डिंग करणे, पाणी शिरणे, किंवा आतून शॉर्ट झालेल्या कॉइलने वा इंजेक्टरने घटकातील चालक-मंडल जाळणे, ही त्याची परिचित कारणे होत. कारण दूर न करता नवा घटक बसविला तर तोही त्याच वाटेने जातो.

४

प्रत्यक्ष बदल हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. बॅटरीचे ऋण टोक सोडवून काही मिनिटे थांबावे, कपलरची कडी उघडून तो जोर न लावता काढावा, आणि नव्या घटकावरील क्रमांक जुन्याशी अक्षरशः जुळतो याची खात्री करावी. अवघड भाग यानंतर सुरू होतो. नव्या घटकात त्या मोटारीची कार्यप्रणाली भरावी लागते, तिचा सतरा वर्णांचा वाहन-ओळखक्रमांक नोंदवावा लागतो, आणि इमोबिलायझरशी त्याची ओळख करून द्यावी लागते. किल्लीतील चिप, इमोबिलायझर व ईसीएम यांच्यात सांकेतिक प्रश्नोत्तर होते. ते जुळले नाही तर इंजिन सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन तत्काळ बंद पडते. अनेक डिझेल मोटारींत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला दुरुस्ती-संकेतही नव्या घटकाला पुरवावा लागतो. प्रणाली भरत असताना बॅटरीचा दाब ढळला तर नवा घटकही निकामी होऊ शकतो. म्हणून त्या वेळी स्थिर पुरवठ्याची सोय आवश्यक असते. जुन्या घटकाची स्मृती वाचता येत असेल तर ती दुसऱ्या समान घटकात उतरविण्याचाही एक मार्ग आहे.

५

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला येथे सोस्यूरच्या बुद्धिबळाचे स्मरण होईल. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत असे प्रतिपादन आहे की, पटावरील घोडा हरवला तर त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवता येते. तिला घोड्याचे मूल्य दिले की ती घोडाच होय. रूप नव्हे, तर व्यवस्थेतील स्थान मूल्य ठरविते. ईसीएम या सिद्धांताची दुसरी बाजू दाखवितो. रूप, माप व क्रमांक तंतोतंत जुळूनही नवा घटक त्या मोटारीचा ईसीएम नसतो. व्यवस्थेतील इतर घटकांनी त्याला ओळखल्यानंतरच तो तसा होतो. पूर्वीच्या यंत्रात ‘बदलणे’ या क्रियापदाचा अर्थ काढणे आणि बसविणे एवढाच होता. आता त्यात ‘ओळख पटविणे’ हा तिसरा अर्थघटक शिरला आहे.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. काढणे-बसविणे सोनाळ्याचा मिस्त्री करू शकतो. ओळख पटविण्याचे साधन मात्र बहुधा अधिकृत कार्यशाळेच्या हाती असते. परिणामी मोटार दुसऱ्या वाहनाला बांधून खामगाव किंवा अकोल्यापर्यंत न्यावी लागते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत मोटारींचाही समावेश केला, तो याच प्रकारच्या परावलंबनामुळे. साधनांचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. दोषनिर्णयाचा भाग मात्र आजही गावातच पार पाडता येतो, आणि खर्चाचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. म्हणून ‘ईसीएम गेला’ हे वाक्य तपासणीचा आरंभ होऊ नये. पुरवठा, अर्थ, संदर्भदाब व वाहिनी या चारही परीक्षा झाल्यानंतरच ते उच्चारावे.