लेख तपासताना

‘साधना’ म्हटले की आपल्याला साने गुरुजींचे साप्ताहिक आठवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या अभियांत्रिकी नियतकालिकाचेही नाव तेच. अशा नियतकालिकात लेख छापण्याआधी त्या विषयातले जाणकार तो तपासतात. लेखकाला त्यांची नावे सहसा कळत नाहीत. समजा, लेख आपल्या भरवेलीसारख्या खाणीतल्या छताच्या आधारांवर आहे. तिथे ‘पटत नाही’ एवढा शेरा पुरत नाही; कोणते माप, कोणते गणित चुकले ते दाखवावे लागते. आणि निष्कर्ष आपल्या मताचा असला, तरी तितकेच बारकाईने. त्या छताखाली माणसे उभी असतात.

इथे मीच चुकलो आहे. १९८८ साली ‘नेचर’ने अतिविरल द्रावणांवरचा बाँव्हनिस्त यांचा लेख छापला, तेव्हा आम्ही होमिओपॅथ हरखलो. महिन्याभरात ‘नेचर’च्याच पथकासमोर तो प्रयोग टिकला नाही. लेख वाचताना मी एकही प्रश्न विचारला नव्हता.