पोळ्याचा घास आणि बैलाचे पोट

श्रावणी अमावास्येला महाराष्ट्रातील गावोगावच्या बैलाच्या खांद्यावर जू नसते. आदल्या दिवशी हळद-लोण्याने त्याची खांदेमळण झालेली असते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ अशा थाटात तो वेशीतून मिरवीत येतो आणि दारोदारच्या सुवासिनी त्याचे पाय धुऊन, त्यास ओवाळून, पुरणपोळीचा घास भरवितात. दक्षिण महाराष्ट्रात आषाढातील बेंदराला हेच घडते. ज्याच्या कष्टावर कणगी भरली त्याच्यापुढे घरधन्याने हात जोडावेत, याहून सुंदर कृतज्ञता आम्हांस ठाऊक नाही.

परंतु याच सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकांना एक दुखणे हटकून भेटते. बैल चारा सोडून बसलेला, रवंथ बंद, डावी भकाळी फुगलेली, शेण पातळ आणि आंबूस वासाचे. दृष्ट लागली, असे घरातील वडीलधारे म्हणतात. दृष्टीचे आम्ही सांगू शकत नाही. पण पोटात काय घडले ते पशुपोषणशास्त्राला बऱ्यापैकी उलगडले आहे आणि ते प्रत्येक भाविक घराने जाणून घ्यावे असे आहे.

बैलाचे पोट चार कप्प्यांचे. त्यांतील पहिले, कोठीपोट, ही एक मोठी आंबवणीची कोठीच होय. तेथील एका मिलिलिटर रसात दहा अब्जांच्या घरात सूक्ष्म जीवाणू नांदत असतात. आपल्याला न पचणारा कडबा बैल पचवितो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो हे जीवाणू पचवितात आणि त्यांनी केलेल्या आम्लांवर बैल पोसतो. ही आम्ले वाढू नयेत म्हणून निसर्गाने रवंथाची योजना केली आहे. दिवसातले सहा-आठ तास बैल रवंथ करतो, त्यासरशी क्षारयुक्त लाळ पोटात उतरत राहते आणि आम्लता आटोक्यात राहते.

आता या व्यवस्थेत एकाएकी मैदा, कणीक, गूळ आणि शिजलेली डाळ येऊन पडली तर? पीठ आणि साखर यांवर वेगाने वाढणारे जीवाणू काही तासांत माजतात आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मेंढ्यांवरील प्रयोगांतून हा क्रम दाखवून दिला. निरोगी कोठीपोटाचा सामू ६ ते ७ असतो. या विकारात तो ५ च्याही खाली जातो. कडबा पचविणारे जीवाणू मरतात, रक्तातील पाणी पोटात ओढले जाते, डोळे खोल जातात, जनावर झोकांड्या देते. वेळेवर उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत ते दगावते. जे वाचते तेही पुष्कळदा खुरांच्या दाहाने लंगडे होते.

मग बैलाला पुरणपोळी द्यायचीच नाही काय? तसे मुळीच नाही. एका पोळीने कोणाही धट्ट्याकट्ट्या बैलाचे काही बिघडत नाही. घोटाळा आहे तो बेरजेत. प्रत्येक घरची माउली आपल्यापुरती एकच पोळी, फार तर दोन, श्रद्धेने भरविते; पण बैल पंचवीस दारे फिरून आलेला असतो आणि घरी ठोंबरा नाहीतर घुगऱ्यांची पाटी त्याची वाट पाहत असते. त्याने एकूण किती खाल्ले हे कोणीच मोजलेले नसते. देवाला दाखविलेला नैवेद्य परत आपल्याच पानात येतो. नंदीच्या मुखात घातलेला मात्र त्याच्या पोटात राहतो, हा भेद ध्यानी घ्यावा.

म्हणून मिरवणुकीस निघण्यापूर्वी बैलाला पोटभर कडबा व हिरवा चारा घालावा. दारी आलेल्या बैलाला पोळीचा चतकोर भरवावा, उरलेली पोळी त्याला घेऊन येणाऱ्या गड्याच्या हाती द्यावी. विदर्भात गड्याला बोजारा देण्याची चाल आहेच, तीत ही भर शोभून दिसेल. एरवी दाणा न खाणाऱ्या बैलापुढे सणाचे म्हणून पाटीभर धान्य ठेवू नये. कोठीपोटातील जीवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि रवंथ थांबलेला दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. नळीने तेल पाजण्याचा घरगुती उपाय आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकतो. ते फुफ्फुसात उतरले तर एका दुखण्याची दोन होतात.

बैलाला खरोखरच काही द्यावयाचे असेल तर ते उरलेल्या दिवसांत द्यावे. युरियासारख्या साध्या द्रव्यापासून कोठीपोटातील जीवाणू प्रथिने घडवितात. फिनलंडचे नोबेल मानकरी आर्तुरी व्हिर्टानेन यांनी तर १९६६ साली, नत्रासाठी युरिया व अमोनियाचे क्षार एवढेच देऊन गाईंनी दूध दिल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडील निकस काडावरील प्रक्रिया याच गुणावर आधारलेली आहे. शंभर किलो भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड घेऊन त्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडतात, दाबून प्लास्टिकने हवाबंद झाकतात. प्रमाण चुकवू नये, युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये, ते विषच आहे. सहा महिन्यांच्या आतील वासरांनाही हा चारा नको. एकविसाव्या दिवशी ढीग उघडला की अमोनियाचा उग्र वास येतो. काड थोडा वेळ मोकळ्या हवेत पसरून ठेवावे, वास उडून जातो, आणि मऊ पडलेल्या त्या काडाला बैल आपणहून तोंड लावतो.