ज्वालाक्षेपक, रणगाडाविरोधी

ज्वालाक्षेपक : जळते द्रव इंधन दाबाखाली लक्ष्यावर फेकणारे शस्त्र. इंधनाची टाकी, दाबाखालील वायूचे नळकांडे, लवचिक नळी व इंधन पेटविणारी तोटी हे त्याचे मुख्य भाग होत. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये जर्मनीने ते खंदकांतील सैनिकांविरुद्ध वापरले. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांविरुद्धही त्याचा उपयोग करण्यात आला. परंतु या कामी ते मर्यादित प्रमाणातच परिणामकारक ठरले.

काही सेकंदांच्या ज्वालेने पोलादी चिलखत भेदले जात नाही. परिणाम होतो तो चिलखतातील उघड्या जागांवर. एंजिनावरील हवेच्या झरोक्यांतून जळते इंधन आत गेल्यास एंजिन पेट घेते किंवा बंद पडते. पाहण्याच्या फटी काजळीने झाकल्या जातात, चाकांवरील रबर जळते आणि धूर व उष्णता यांमुळे आतील सैनिकांस बाहेर पडणे भाग पडते. तथापि झाकणे बंद असलेला चालता रणगाडा ज्वालेतून पुष्कळदा निभावून जाई. पातळ पेट्रोल झटकन जळून जाते. दाट केलेले इंधन मात्र पृष्ठभागास चिकटून अधिक काळ जळते. अमेरिकेत १९४२ मध्ये तयार झालेले नापाम हे असेच इंधन होय.

मुख्य अडचण पल्ल्याची होती. ‘३५’ या जर्मन नमुन्याचे वजन सु. ३६ किग्रॅ., पल्ला सु. २५ मी. व ज्वालेचा एकूण अवधी सु. १० सेकंद होता. रणगाड्यावरील मशीनगनचा मारा शेकडो मीटरपर्यंत पोहोचत असल्याने एवढे ओझे पाठीवर घेऊन उघड्यावरून जवळ जाणे सैनिकास प्राणघातक ठरे. दबा धरून बाजूने वा मागून मारा करणे हाच त्याला व्यवहार्य मार्ग होता. याच तत्त्वावर ब्रिटनने १९४० मध्ये रस्त्यांकडेला इंधनाची पिंपे पुरली. जर्मन आक्रमण न झाल्याने त्यांची कसोटी लागली नाही. रशियाने १९४१ मध्ये मॉस्कोच्या संरक्षणासाठी जमिनीत पुरलेले, एकदाच उडणारे ज्वालाक्षेपक वापरले.

पुढे बझूका व पांझरफाउस्ट ही चिलखत भेदणारी, सैनिकास वाहून नेता येणारी शस्त्रे आल्यावर रणगाडाविरोधी ज्वालाक्षेपकाचे महत्त्व कमी झाले. उलट रणगाडाच ज्वालाक्षेपकाचा वाहक बनला. ब्रिटिश ‘चर्चिल क्रॉकोडाइल’च्या मागील चिलखती गाडीत सु. १,८०० लि. इंधन असे व त्याचा पल्ला सु. ११० मी. होता. ईवो जिमा व ओकिनावा येथे १९४५ मध्ये अमेरिकेने असेच रणगाडे गुहांतील जपानी सैनिकांविरुद्ध वापरले.

अमेरिकेने १९७८ मध्ये ज्वालाक्षेपक सैन्यातून काढून टाकले. १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये नागरिकांवर दाहक अस्त्रांनी हल्ला करण्यास मनाई आहे. सैनिकांविरुद्ध त्यांचा वापर मात्र पूर्णतः निषिद्ध नाही.